जोडव्याचा चाकू

मोबाइलवर फोटो पाहून पुण्याकडचे लोक माझा घडीचा चाकू मागवतात आणि विचारतात, "आजी, हे डिझाइन सुचलं कसं?" मी चेहरा गंभीर करून सांगते, "साधनेतून." खरं म्हणजे नणंदेच्या हळदीत, भर मांडवात माझं लुगडं सुटलं, त्यातून ते सुचलं.

तळोद्याच्या लोहारघरात सून होऊन मला तेव्हा चारेक वर्षं झाली असतील. भाता फुंकायचा, घण मारायचा, एवढंच सुनेचं काम. पण अंगात मस्ती अशी, की ऐरण आपल्यासाठीच जन्माला आलीय असं वाटायचं. डोंगरातल्या बाया बाजारात म्हणायच्या, विळा मोठा पडतो, कमरेला खोचता येईल असं काही द्या. मी जीपच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याचं पातं काढलं, सागाच्या मुठीत खाच पाडली आणि खिळा ठोकून पातं त्यात घडी होईल असं बसवलं. वर मुठीवर मोर कोरला. तो कोंबडीसारखा दिसायचा, पण तसं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आमच्या घरचा नियम असा, की माल कुणीही घडवो, सासूबाईंनी त्यावर तीन टिंबांचा ठसा मारल्याशिवाय तो बाजारात जायचा नाही. ठसा त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. डोंगरातली माणसं ती टिंबं चाचपूनच माल घ्यायची. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात माझा चाकू मांडायचा तर तो ठसा हवाच होता.

"वापरीसन दाखाड," सासूबाई म्हणाल्या. "मंग देखू."

दाखवलं की. हळदीत चाकू कमरेला खोचून नाचायला उतरले. अख्ख्या गावाला तो दिसायला नको? बँडवाल्यांनी जोर धरला, मीही धरला. दोन गिरक्यांत पातं आपोआप उघडलं आणि लुगड्याचा खोचा कापून मोकळं झालं. आत परकर होता म्हणून खानदान वाचलं.

"चाकू बरा शे," सासूबाई म्हणाल्या. "लाजच कापस."

मग मी खिळा आवळला, तर पातं दातांनी ओढावं लागे. सैल केला, तर पुन्हा तेच. दोरीनं बांधला, तर डोक्यावरच्या मोळीला एक हात लावलेली बाई गाठ सोडणार कशी? एका दुपारी उंबऱ्यावर रुसून बसले होते आणि पायातलं जोडवं उगाच बोटानं फिरवत होते. जोडव्याला खालून फट असते. ती फिरताना दिसली आणि मी जोडवं काढून सरळ मुठीच्या तोंडावर चढवलं. फट पात्यासमोर आली की पातं उघडायचं. अंगठ्यानं जोडवं फिरवलं की आहे तिथंच अडकायचं, मग ते मिटलेलं असो की उघडं.

मागून सासूबाईंचा आवाज आला, "मन्हा पोऱ्या जित्ता शे, आन् तू जोडवं काढीसन बठनी?"

"आत्याबाई, देखा तरी."

ओट्यावरून आमचे हे म्हणाले, "मी आठेच शे. चहा पी ऱ्हायनू."

"तू गप बठ. तुले कोन इचारस?"

हे अजूनही चहा पीत आहेत, तेव्हा जोडव्याचा आणि नवऱ्याच्या आयुष्याचा संबंध तपासून झालाय असं समजा.

चांदी मऊ पडली, म्हणून मी पोलादी पट्टीची जोडवी वळवली. ती चढवायला मुठीचं तोंड गोल तासावं लागलं, त्यात मोर गेला. कुणी रडलं नाही. पण ठसा काही मिळेना.

"नाचीसन दाखाड," सासूबाई म्हणाल्या. माझी हिंमत होईना. मोर कोरणाऱ्या बाईचा आता स्वतःच्या चाकूवर विश्वास नव्हता.

बाजार तोंडावर आला. शेजारच्या लग्नात, गुडघ्यांच्या नावानं रोज ओरडणाऱ्या सासूबाई एकदम उठल्या आणि नाचायला लागल्या. लोक म्हणाले, म्हातारी खुशीत आली. त्यांच्या कमरेला सागाची मूठ मला एकटीलाच दिसली. मी देवाला हात जोडले, आणि ते त्यांच्या गुडघ्यांसाठी नव्हते. त्या वाकल्या, गिरक्या घेतल्या, बँडवाला थकला. लुगडं जागच्या जागी. मग खाली बसून त्यांनी एका हातानं चाकू उघडला, खोबऱ्याचा तुकडा कापून तोंडात टाकला आणि चाकू मिटला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी भात्यापाशी ठेवलेल्या सगळ्या चाकूंवर तीन टिंबं होती. शेजारी माझं चांदीचं जोडवं, ठोकून पुन्हा गोल केलेलं.

"घाल पायमा," त्या म्हणाल्या. "बाजारले जावानं शे."

त्यांच्या कमरेचा चाकू मात्र त्यांनी परत दिला नाही. तो मागायची माझी टाप नव्हती.