सूप वर उचललेला फोटो

मुरबाडच्या फोटो स्टुडिओत मी दिवसभर लोकांची तोंडं टिपते. हनुवटी वर, कान दिसू देत, हसू नका. आणि घरात माझ्या आईचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते!

गेल्या सुगीला डॉक्टर म्हणाले, तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन करावं लागेल, नंतर हात डोक्याच्या वर जाईलच असं नाही. आई म्हटलं की मला ती खळ्यावर उभी दिसते, सूप डोक्यावर धरून वाऱ्यावर भात उपणताना. तो वर गेलेला हात मला फोटोत हवाच होता. मागं मावळता सूर्य, पुढं ती नुसती काळी, आणि उजेडात उडणारी फोलपटं.

तिला सांगितलं, तर बया नवं लुगडं नेसून, पावडर लावून हजर! म्हटलं, "अगं, तोंड दिसणारच नाय."

"मंग काढतेस कशाला गो?"

पण खरी अडचण वाऱ्याची. टोकावड्याकडच्या आमच्या शेतात सूर्य खाली आला की वारा गप्प, आणि वारा सुटला की सूर्य बुडालेला. एकदा मी म्हटलं, "फोटोपुरतं दोन मुठी टाक ना." ती भडकलीच. "वारा नाय तर सूप उचलाचं नाय. भात काय खेळाया हाय?"

मीही तिचीच लेक. लवकर निघते म्हणून मालकाची बोलणी खाल्ली, एसटी चुकली तर टेम्पोला हात केला, पण रोज संध्याकाळी खळं गाठलं. रास कमी होत गेली तशी माझी धाकधूक वाढली.

शेवटच्या राशीला, सूर्य पार बांधाला टेकला असताना, पिंपळाची पानं सळसळली. आई ओरडली, "आला बघ!" सूप वर गेलं. मी मोबाइलच्या स्क्रीनवर उजळ आभाळाला बोट लावलं, उजेड त्याच्यावर बेतला गेला, तशी आई नुसती काळी झाली. सूर्य बुडेपर्यंत मी फोटो काढत सुटले.

त्यातला एक तिला दाखवला. ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि एकदम रडायलाच लागली. "ही मी नाय गो. ही माझी आय हाय."

आजीचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. आईनं तो मोठा करून घेतला, भिंतीवर लावला आणि वर झेंडूचा हार घातला. मी कडाडले, "जिवंत बाईच्या फोटोला हार घालतात का?" शेजारीण तर दारातच हबकली.

"आयचा फोटो हाय तो," आई म्हणाली. "माझा येगळा काढ."

ऑपरेशन झालं. हात आता खांद्यापर्यंत येतो, पुढं नाही. यंदा उपणायला मशीन आलं. तरी एका संध्याकाळी मी तिला खळ्यावर नेलंच. तिनं रिकामं सूप उचलून पाहिलं, अर्ध्यावरून खाली आणलं. "नाय व्हत गो."

उजेड चालला होता, रडत बसायला वेळ नव्हता. तिला मी धरून वळवलं, सूर्याकडं तोंड करून बसवलं आणि सूर्य माझ्या पाठीशी घेतला.

"हनुवटी वर," मी म्हटलं. "आणि हस."