शिट्टी वाजवून लावलेला रेडिओ

माझ्या मोठ्या जावेला सगळे वायरमन म्हणतात, आणि ती खुशाल ओ देते. पंपांच्या जळलेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळायचं तिचं दुकान आहे. घरी ओट्याच्या टोकाला तिचा हॅम रेडिओ असतो. परवाना रीतसर काढलेला, यंत्र मात्र तिने स्वतः बिस्किटाच्या डब्यात जोडलेलं. गच्चीवर ताणलेल्या वायरीवरून ती समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांशी बोलते.

"घरात इतकी माणसं असताना?" सासूबाई विचारायच्या.

"ती माणसं माझं बोलणं संपेपर्यंत थांबतात."

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या गाण्याच्या सरांनी तक्रार केली, की क्लास चालू असताना हिच्या रेडिओमुळे त्यांच्या स्पीकरमध्ये आवाज येतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला निमित्तच हवं होतं. रविवारपर्यंत वायर उतरवा, नाहीतर आम्ही कापू, असं त्याने सांगून टाकलं.

जाऊ तडक सरांच्या दारात.

"सर, मी पॉवर कमी केलीय. मीटरचा काटा पाच वॅटच्या वर जात नाही. तुमचा स्पीकरच गेला असेल."

"तुमच्या प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ठक् वाजतं. पुढे शांत. थांबून परत बोललात की परत ठक्."

"काटा खोटं बोलत नाही."

"कानही बोलत नाहीत, बाई."

ती धुमसत वर आली. पॉवर मोजायला माइकसमोर लांबलचक शिट्टी घालायची, ही तिची पद्धत. तिने घातली. काटा पाचावर स्थिर.

"बघा," ती नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, म्हणाली.

भाऊजी भाजी निवडत होते. "तू सगळ्यांशी शिट्टीतच बोल. सरांची काही तक्रार राहणार नाही."

ती फणकारणार होती, पण त्याआधीच तिच्या डोक्यात उजेड पडला.

शिट्टी सलग असते. बोलणं तुटक. तिच्या यंत्रात पॉवर जास्त झाली की सिग्नल मागे खेचायची सोय होती. पण आधी जास्त जाणार, मग खेचलं जाणार. शिट्टीत हे एकदाच व्हायचं, बोलताना दर वाक्याला. पहिलं अक्षर पूर्ण जोराने बाहेर पडायचं, आणि काटा इतका सुस्त, की तो हलेपर्यंत सगळं आवरलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप. मागे खेचणारा भाग तिने चपळ केला, आणि मुळात सिग्नलला जोर देणाऱ्या शेवटच्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचणारा सिग्नलच बेताचा ठेवला. मग सर खाली स्पीकरला कान लावून, ही वर माइकसमोर, आणि भाऊजी जिन्यात निरोप्या.

"आहे म्हणतायत," भाऊजी ओरडले.

तिने स्क्रू थोडा फिरवला.

"थोडं आहे म्हणतायत. आणि माझे गुडघे दुखतायत म्हणतोय मी."

संध्याकाळपर्यंत ठक् गेलं. ती खाली जाऊन सरांना म्हणाली, "चूक माझ्या यंत्राची होती." सरांनी तक्रार मागे घेतली.

रविवारी सेक्रेटरी तरीही पक्कड घेऊन गच्चीवर हजर. मागे चार बिऱ्हाडं, मजा बघायला.

"तक्रार मिटली," जाऊ म्हणाली.

"आज मिटली. पॉवर कधीच वाढवणार नाही, असं सगळ्यांसमोर कबूल करा. मग राहू दे वायर."

भाऊजींनी तिच्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे हो म्हणून टाक. मीही हळूच तिचा पदर ओढला.

"नाही करणार," ती म्हणाली. "समोरच्याला कमीत ऐकू आलं तर कमी ठेवीन. नाही आलं तर परवान्यात बसेल तेवढी वाढवीन. कोणाच्या घरात आवाज आला तर मला येऊन सांगा, मी बंद करून दुरुस्त करीन. पण पॉवरचं बटण माझ्या घरात आहे."

"मग मी कापतो."

"कापा. मी उद्या दुसरी ताणते. तांब्याची तार मी रोजच गुंडाळते, मला काही कमी नाही."

सेक्रेटरीने सरांकडे बघितलं. "सर, तुम्ही सांगा हिला."

"माझा क्लास आहे," म्हणून सर जिना उतरले. बिऱ्हाडंही पांगली. सेक्रेटरीने वायरीखाली टाचा उंचावून बघितलं. वायर उंचावर होती आणि शिडी आमच्या घरची.

"शिडी देता का?" त्याने भाऊजींना विचारलं.

भाऊजींनी शिडी उचलून खांद्यावर घेतली आणि ते खाली निघाले.