रहीमचाचाचं मशीन

वाचनालयात बसणाऱ्या बाईकडे पुस्तकांपेक्षा किस्से जास्त जमतात. पुस्तकं लोक परत आणत नाहीत, किस्से मात्र न मागता आणून देतात! मालेगावच्या आमच्या वाचनालयात मी अठरा वर्षं ग्रंथपाल आहे. स्वभावानं तापट. तेव्हा पुढे कुठे मी ओरडताना दिसले तर नवल वाटू देऊ नका.

आमच्या लोकांना एक वाईट खोड आहे. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं शेरा मारतात. त्यात दोघं पक्के: रहीमचाचा टेलर आणि रिटायर झालेले सोनटक्के सर. सर लिहिणार, 'नायक बावळट आहे.' खाली चाचा, 'बावळट नाही, गरीब हाय. फरक समजा.' की पुन्हा सर! दर शनिवारी मी खोडरबर घेऊन बसायची आणि दोघांच्या नावानं बोटं मोडायची.

मग चाचांच्या नजरेनं दगा दिला. आधी सुई सुटली, मग पुस्तक. आतला पडदाच गेला, चष्म्यानं भागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. शनिवारी खोडायला काही निघेना. मला करमेना, खरं सांगते.

\*

कापड दुकानवाले जैनकाका म्हणाले, चाचांसाठी वाचनालयाला अक्षर मोठं करणारं मशीन मी देतो, टॅबलेट घेऊ, त्यात सगळंच होते. सर अडून बसले, ई-रीडरच पाहिजे, त्यात पुस्तकाशिवाय काही होत नाही म्हणून.

काकांनी पुतण्याचा टॅबलेट ट्रायलला आणला. पाच मिनिटं पुस्तक वाचून झालं. मग कोणीतरी सोयाबीनचा भाव पाहिला. मग मूगवड्याची रेसिपी. तेवढ्यात काकांच्या भाचीचा व्हिडिओ कॉल आला आणि अख्ख्या वाचनालयानं तिचं बाळ पाहून घेतलं.

चाचा शांतपणे म्हणाले, "पुस्तकातला तो माणूस मेला का जगला, तेवढं सांगा कोणी."

\*

सरांनी पुण्याच्या मुलाचा ई-रीडर आणला. काकांचा जन्म कापडात गेलेला. करड्या स्क्रीनवर बोटं फिरवून त्यांनी विचारलं, "पहिल्याच धुण्यात रंग गेला काय याचा?"

उन्हातही वाचता येते, असं सर म्हणाले. काका खात्री करायला भर दुपारी ओट्यावर जाऊन बसले. तासाभरानं घामाघूम होऊन आत आले, मशीन काही देईनात. खुनी कोण ते अजून समजलं नव्हतं. ई-रीडर पास झाला.

\*

नवा ई-रीडर आला. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला आधी रजिस्टरात नोंद, मग खाकी कव्हर, मग पहिल्या पानावर शिक्का. अठरा वर्षांचा हात! मी कव्हर घातलं आणि ठप्पकन शिक्का मारला. स्क्रीनवर. जांभळा.

कोणीच ओरडलं नाही, तेच मला जास्त लागलं. खोबरेल तेलानं पुसला, तरी कोपऱ्यात गोल खूण राहिलीच.

\*

चाचांनी अक्षर एवढं मोठं केलं की पानावर चारच शब्द मावत. दिवसभर ते बटण दाबत बसले आणि संध्याकाळी म्हणाले, "मॅडम, अक्षरं वापस आली." मी कपाटामागे जाऊन डोळे पुसले.

चार महिन्यांत पानावर एकच शब्द उरला. पुढे तोही दिसेना.

\*

काकांनी वाचनालयासाठी नवा टॅबलेट आणून ठेवला. तो बाईच्या आवाजात पुस्तक वाचून दाखवतो. चाचांनी दोन दिवस ऐकलं आणि बंद केला. म्हणाले, "ही बाई मयत अन् शादी एकाच सुरात वाचून राह्यली."

सरांनी टॅबलेट उचलून घरी नेला. पंधरा दिवस झाले तरी आणेनात. वाचनालयाची वस्तू घरी काहून ठेवली, म्हणून मी त्यांना चारचौघांत झापलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आणून चाचांपुढे ठेवला आणि बटण दाबलं.

सरांचाच आवाज. घरी बसून त्यांनी सबंध कादंबरी वाचून भरली होती. चाचा रोज बाकावर येऊन डोळे मिटून ऐकत, शेजारी सर बसलेले. शनिवारी शेवटचं प्रकरण संपलं. मग टॅबलेटमधून सर म्हणाले, "रहीम, नायक बावळट आहे."

चाचांनी सरांना रेकॉर्डिंग चालू करायला लावलं. टॅबलेट तोंडाजवळ धरून सावकाश बोलले, "बावळट नाही, गरीब हाय. फरक समजा."

मग चाचपडत माझ्या टेबलापर्यंत आले आणि टॅबलेट पुढे केला.

"घ्या मॅडम. शनिवार हाय. खोडा."