लासुर्ण्याच्या पुढे

पुण्याहून निघताना आईनं एकच बजावलं, "तात्याला या खेपेला गाव दाखव." तात्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझे मामा. उजनी धरणाच्या पाण्याखाली त्यांचं गाव गेलं तेव्हा दोघं शाळकरी होती. कडक उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की गावाची जमीन थोडे दिवस उघडी पडते. यंदा ती पडली होती. वरच्या अंगाला पाऊस झाला की पुन्हा बुडणार. मामांच्या गुडघ्यांना एसटीच्या पायऱ्या झेपत नाहीत, आणि त्यांची गाडी मागचे दोन्ही उन्हाळे लासुर्ण्यापर्यंत तापून माघारी फिरलेली.

मोरगावला एसटीतून दर्शनवाले उतरले आणि बाजरीचं पोतं घेऊन एक आजोबा चढले. ते पोतं बारामतीपर्यंत माझ्या पायांवर विसावलं होतं. पुढे कोरडं माळरान संपून कालव्याकाठचा ऊस सुरू होतो. दरवेळी तो दिसला की मला उगाचच बरं वाटतं.

मामांच्या गावी, कन्हेरीत, मामी पिठलं-भाकरी घेऊन तयारच होत्या. मामांची ढोबळी मिरची आहे, पांढऱ्या जाळीच्या मांडवात. जेवताना त्यांनी गाडीचं दुखणं सांगितलं.

"थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला. गॅरेजात न्हेली की गाडी गपगुमान. मिस्त्री म्हणतो, तात्या, गाडीला काय बी न्हाय, तुमालाच ऊन लागतंय."

"आन् तरी निघालाय," मामी म्हणाल्या. "आवं, रस्त्यात बसशीला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इंदापूरचा रस्ता धरला. गाडी मी चालवत होते. भवानीनगर मागे पडलं तसा तापमानाचा काटा वर सरकू लागला. मी काचा खाली केल्या आणि भर मे महिन्यात हीटर लावला. तो इंजिनाची थोडी उष्णता आत ओढून घेतो. ती सगळी आमच्या अंगावर आली.

"पोरी, मला भाजून खातीस का काय?" मामा ओरडले.

लासुर्णं आलं आणि काटा लाल रेषेला टेकला. एका लिंबाखाली गाडी थांबवली. मामा हळूच म्हणाले, "फिरव माघारी. नशिबात न्हाय."

मला रागच आला. गाडीचा, नशिबाचा आणि थोडा मामांचाही. म्हटलं, कारण सापडल्याशिवाय मी हलणार नाही.

इंजिन निवेपर्यंत आम्ही रसवंतीत बसलो. मग कापड धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं, खाली ओलही नव्हती. म्हणजे गळती नाही. गाडी पुन्हा चालू ठेवली. रेडिएटरचा वरचा पाइप तापला, पाठोपाठ खालचाही; म्हणजे पाणी फिरतंय. पंखाही घरघरत होता. राहिली हवा. माझ्या जुन्या गाडीनं मला छळून छळून एवढं शिकवलं आहे. पंखा हवा नीट ओढत असेल, तर पुढच्या जाळीवर धरलेला कागद तिथंच चिकटून राहतो. मी वर्तमानपत्राचं पान धरलं आणि हात काढला. पान सरळ खाली पडलं.

वाकून आत पाहिलं. पुढच्या जाळीमागे खाकी रंगाचा एक पडदा ताणून बांधलेला होता. धूळ, चिलटं, पाचटाचा (उसाच्या वाळक्या पानांचा) भुगा यांनी गच्च भरलेला.

"मामा, हे काय?"

"ती व्हय? माझी जाळी हाय. मिरचीवरची उरल्याली. किडं आत शिरू नयेत म्हणून बांधली."

"आणि मिस्त्रीला दिसली नाही?"

"त्याला कुठनं दिसंल? गॅरेजला न्ह्यायच्या आधी गाडी धुऊन, जाळी काढून न्हेतो की. असली घाण घिऊन कुणाच्या दारात जायाचं?"

डॉक्टरकडे जाताना इस्त्रीचे कपडे घालणारी आमची माणसं. मी हसत सुटले. मामा आधी रुसले, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी स्वतःच जाळी सोडवली.

निमगाव केतकी गेलं, पानमळे गेले, इंदापूर गेलं. काटा मधोमध होता आणि मामा रस्त्याऐवजी काट्याकडेच बघत होते.

पाण्याकाठी गाळपेर (पाणी हटलेल्या गाळातली पेरणी) हिरवीगार होती. काकड्या तोडणाऱ्या एका बाईंनी मामांना विचारलं, "कुणाकडं आलाय, आबा?"

"घरी," मामा म्हणाले.

भेगाळलेल्या चिखलातून माझा खांदा धरून ते चालत राहिले. दगडांच्या एका ओळीपाशी थांबले आणि चपला काढल्या. हे त्यांच्या घराचं जोतं. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. मामांनी फोन दगडांवरून सावकाश फिरवला आणि म्हणाले, "आक्का, भिंती न्हाईत. पर आपलं दार हितंच हाय बघ."

आई एवढंच म्हणाली, "चूल उजव्या हाताला होती रे."

परतताना मामा गाढ झोपले. इतकी वर्षं मला वाटायचं, आईचं गाव बुडालं म्हणून ती त्याबद्दल बोलत नाही. आता वाटतं, तिला कुणी तिथं नेलंच नव्हतं. पुण्यात दार उघडलं तेव्हा ती पिशवी भरून बसली होती.

"पाणी यायच्या आत," ती म्हणाली, "मला पण ने."