पाणी नको म्हणणारं सायकल मंडळ

लातूर जिल्हा झाला आणि गावातल्या माणसांची चाल बदलली. कालपर्यंत साध्या कागदासाठी उस्मानाबादला खेटे घालणारा माणूस आता आपल्याच गावात कलेक्टर कचेरीसमोर पान चघळत ऐटीत उभा राहू लागला. नवी कार्यालयं, नव्या पाट्या, नव्या खुर्च्या. त्यातल्या एका खुर्चीवर मी होतो, कनिष्ठ लिपिक. जिल्ह्याला जे जे लागतं ते ते आपल्याकडे असलंच पाहिजे, असं तेव्हा सगळ्यांना वाटे. नांदेडला म्हणे सायकलवाल्यांचं मंडळ आहे, असं आमच्या ट्रेझरीतल्या हेडक्लार्कनी कुठंतरी ऐकलं आणि आठवड्याभरात आमचंही मंडळ निघालं. ते स्वतः कप्तान झाले, कारण शिट्टी त्यांच्याकडे होती.

हिवाळ्यात दर रविवारी पहाटे गंजगोलाईच्या बाजारात जमायचं. वर माकडटोपी, स्वेटर आणि खाली खाकी हाफपँट. फुलपँट चेनमध्ये अडकते आणि मंडळाची अब्रू जाते, असं कप्तानांचं म्हणणं. अब्रू राहिली, गुडघे निळे पडले. सायकली आपल्या रोजच्या, ऑफिसला न्यायच्या. मागं कॅरियर, पुढं डायनामोचा दिवा आणि दांडीला जाड कापडाची छागळ. छागळीतून पाणी थेंबथेंब पाझरायचं. त्यामुळं आतलं पाणी गार राहायचं, आणि आमचा उजवा गुडघाही.

मंडळाचे नियम दोनच. पहिला, कुणालाही मागं टाकायचं नाही. एकाचं पंक्चर म्हणजे सगळ्यांचं पंक्चर, एकाचं पोट बिघडलं की सगळे बांधाला बसून. दुसरा नियम दुष्काळानं करायला लावला. त्या साली पाऊस असा रुसला की दिवाळीलाच विहिरींचे तळ दिसू लागले. एका रविवारी औशाकडच्या वस्तीवर एका बाईनं आम्हाला पाणी दिलं. आम्ही तिचा माठ रिकामा केला, मिशा पुसल्या आणि निघालो. वळणावर मागं पाहिलं तर ती रिकामी घागर घेऊन निघाली होती आणि नजर पोचेल तिथवर विहिरीचा पत्ता नव्हता. कप्तानांनी पुढच्या गावापर्यंत एकदाही शिट्टी वाजवली नाही. तिथं सायकलवरून उतरले आणि म्हणाले, "आजपासून कुणाकडं बी पाणी मागायचं न्हाई. कुणी आपणहून दिलं तरी नको म्हणायचं."

"आन् चहा?" झेडपीतल्या टायपिस्टनं विचारलं. मंडळात सर्वांत वजनदार आणि सर्वांत तहानलेला तोच.

"चहा चालंल."

"चहात बी पाणीच असतंय की."

"चहात दूध असतंय," कप्तान म्हणाले, आणि विषय मिटला.

त्याच हिवाळ्यात माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं. आधीच्या दोन स्थळांनी मला नाकारलं होतं. एकानं उंचीवरून, दुसऱ्यानं कारण न सांगता. कारण न सांगितलेला नकार जास्त लागतो, कारण मग माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःच कारणं शोधत बसतो. तिसरं स्थळ नांदेडच्या मामांनी काढलं. मुलगी विष्णुपुरीची, डी.एड. झालेली. वडील तिथल्या धरणाच्या कामावर स्टोअरकीपर. मामांनी पाठवलेला फोटो मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. त्या काळात माझा ड्रॉवर इतक्या वेळा उघडे की साहेबांना वाटलं मी फार काम करतो. खरं सांगायचं तर मला ती फोटोतच आवडली होती, आणि हेही स्थळ हातचं जातंय की काय या धास्तीनं जेवण जात नव्हतं.

मुलगी बघायचा रविवार ठरला, आणि नेमक्या त्याच रविवारी मंडळानं नांदेडची फेरी ठरवली. लातूरहून नांदेडला जाताना विष्णुपुरी वाटेतच लागते. मी डोकं चालवलं. मंडळाबरोबर जायचं, विष्णुपुरीला गुपचूप वळायचं. मामा धुतलेले कपडे घेऊन आधीच पोचलेले असतील. मुलगा लातूरहून सायकलवर आला हे ऐकून मुलीवर छाप पडेल. मंडळात कुणाला सांगितलं नाही. तिसरा नकारही सगळ्यांसमोर घ्यायची हिंमत नव्हती.

शनिवारी दुपारी आम्ही अकरा जण निघालो, रात्री अहमदपूरला एका शाळेच्या व्हरांड्यात कुडकुडलो आणि उजाडताच पुन्हा सायकली काढल्या. पुढचा रस्ता म्हणजे रोजगार हमीचं काम. मैलच्या मैल खडी पसरलेली. खडी दाबायची तर रोलर हवा आणि वर मारायला पाणी हवं. रोलर होता, पाणी नव्हतं. त्यामुळं खडी मोकळीच होती आणि आमच्या चाकांखालून बंदुकीच्या गोळीसारखी उडत होती. खडी फोडत बसलेल्या बायांमधली एक म्हातारी आम्हाला बघून थांबली.

"कोन्या कामावर चालले रं बाबांनो?"

"कामावर न्हाई मावशी. नांदेडला चाललो," कप्तान म्हणाले.

"एस्टी बंद हाय का?"

"न्हाई, चालू हाय."

"मंग?"

कप्तानांनी तिला व्यायाम, छाती, रक्ताभिसरण असं सगळं समजावलं. तिनं हातोडा मांडीवर ठेवून शांतपणे ऐकून घेतलं.

"हजेरी कोन मांडतंय तुमची?"

"कुणीच न्हाई."

"फुकटच हिंडून राहिले म्हना," ती शेजारणीला म्हणाली आणि पुन्हा खडी फोडू लागली. तेवढ्यात मुकादम जवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, हितून दोन-चार येळा जा-ये करा की. खडी तरी दबंल."

लोह्यापर्यंत सगळ्यांच्या छागळी सुकल्या. तिथं आम्ही चहा घेतला, मग परत चहा घेतला. टायपिस्टनं आणखी एक घेतला आणि तहान वाढली म्हणून कपाळाला हात लावला. नियमाप्रमाणं पाणी कुणी मागितलं नाही. हॉटेलवाल्यानं आपणहून ग्लास पुढं केले, तर कप्तानांनी ते हातानं मागं सारले. विष्णुपुरी आली तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती.

मी हळूच फाट्याला वळलो. मागून शिट्टी वाजली.

"कुठं?"

"जरा घरगुती काम हाय. तुम्ही व्हा पुढं."

"मंडळाचा नियम काय हाय?" कप्तान म्हणाले, आणि अकराच्या अकरा सायकली माझ्यासकट फाट्याला वळल्या.

धरणाच्या वसाहतीत पत्र्याचं छोटं घर. अंगण झाडलेलं, बाजेवर नवी चादर, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. मामा कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मुलीकडच्यांना सांगितलं होतं, मुलगा आणि मी, दोघंच. धुळीनं पांढरे झालेले हाफपँटमधले अकरा पुरुष अंगणात उतरताना बघून ते उभे राहिले. माझ्याजवळ येऊन दातओठ खात पुटपुटले, "वरात लग्नाला आणतेत रं. बघायला न्हाई."

मुलीचे वडील मात्र हसून पुढं आले. एवढ्या माणसांना बसायला त्यांनी शेजारची सतरंजी आणवली. मुलीची आई मोठ्या परातीत पाण्याचे पेले घेऊन आली. दाराच्या फटीतून कुणीतरी बघत होतं. ते कोण हे मला लगेच कळलं आणि मी गुडघे एकमेकांमागं लपवायचा प्रयत्न केला.

"घ्या, पाणी घ्या," वडील म्हणाले.

कप्तानांनी हात जोडले. "नको. आम्हाला पाणी नको."

परात शेजारी सरकली. टायपिस्टनं पेल्याकडं बघितलं, आवंढा गिळला आणि म्हणाला, "नको." मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या. ओळीनं सगळे हात जोडत गेले, नको, नको, नको. इतकी शिस्त मंडळात मी आधी कधी पाहिली नव्हती.

आणि वडिलांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते रागावले नाहीत. फक्त बायकोच्या हातातून परात घेतली, खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं. मंग चहाचं बी विचारत न्हाई."

ते घर बौद्ध, मीही बौद्ध. लहानपणी आमच्या घरी गावातलं कुणी कामानिमित्त आलं, की असेच हात जोडून, असंच गोड बोलून म्हणायचं, पाणी नको. त्या नकोचा अर्थ आमच्या घरात लहान पोरालाही शिकवावा लागत नसे. आई रिकाम्या हातानं आत जायची आणि नंतर बराच वेळ भांडी आपटायची. कप्तान मोठ्या शेतीवाल्या घरातले. दुपारी माझ्या डब्यातली भाजी न विचारता खाणारा माणूस. त्यांच्या मनात त्या घडीला दुष्काळाशिवाय काही नव्हतं. पण हे त्या अंगणात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? मुलीच्या वडिलांनी पाहिलं ते एवढंच, की मुलानं आणलेले दहा जण त्यांच्या घरचं पाणी ओळीनं नाकारून बसले. अशा माणसाला मुलगी कोण देतं? मी चटकन पेला उचलून प्यालो असतो तरी काही उपयोग नव्हता. मी त्यांच्याच समाजाचा, माझ्या पिण्यानं काय सिद्ध होणार?

मी कप्तानांच्या कानाशी वाकलो. "साहेब, हे घर बौद्धांचं आहे."

"असंल की. मंग?"

"तुम्ही पाणी नको म्हणालात."

त्यांना क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. तो चेहरा मी अजून विसरलो नाही. माणूस धुळीनं पांढरा होता तो कानापर्यंत लाल झाला. ते उठले, वाकून परातीतला पेला घेतला आणि एका दमात प्याले. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग भर अंगणात त्यांनी शिट्टी फुंकली. "मंडळ! पाणी!"

पुढचं दृश्य वर्णन करायला मला आजही लाज वाटते. परात रिकामी झाली. आतून घागर आली, ती रिकामी झाली. टायपिस्टनं पेला बाजूला ठेवून सरळ तांब्याच तोंडाला लावला. रांजण खरवडल्याचा आवाज आला आणि मुलीची आई दारात येऊन म्हणाली, "संपलं."

मुलीच्या वडिलांनी आम्हा अकरा जणांकडं एकदा नीट बघून घेतलं.

"लातूरकडं लईच दुष्काळ दिसतोय," ते म्हणाले.

मामा आधी हसले, मग सगळेच. मग कप्तानांनी हात जोडून मंडळाचा दुसरा नियम सांगितला. औशाकडच्या त्या बाईचंही सांगितलं. "चुकलं आमचं," म्हणाले. "नियम करताना एवढा इचार केला न्हवता." वडील म्हणाले, "नियम चांगलाच हाय हो. पर घर बघून मोडायचा असतो."

आता त्या घरात भांडं धुवायलाही पाणी नव्हतं. सगळा दिवस पुढं, आणि दिवसभराचं पाणी आमच्या पोटात. कप्तानांनी घागरी मागवल्या. जुन्या ट्यूब आमच्याजवळ होत्याच, त्यांनी घागरी कॅरियरला आवळल्या आणि आम्ही नदीकडं निघालो. वाट दाखवायला मुलगी आली, तिचे वडील सोबत. एवढं मोठं धरण उभं राहत होतं, आणि त्याच्या स्टोअरकीपरच्या घरचं पाणी गोदावरीच्या वाळूत खड्डा करून वाटीनं भरावं लागत होतं. तर आमचा बघण्याचा कार्यक्रम असा वाळूत झाला. ती वाटीनं पाणी काढायची, मी घागरीच्या तोंडाशी फडकं धरायचो. तिनं वर न बघता विचारलं, "हे सगळे तुमच्यासोबत कशाला आले?"

"कुणाला मागं टाकायचं नाही, असा मंडळाचा नियम आहे."

"लग्न झाल्यावर पण?"

मी घाबरून म्हणालो, "नियम बदलता येतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "चांगला आहे."

परतताना खडीवर माझी घागर निम्मी सांडली. कप्तानांची थेंबभरही नाही. तिनं दोन्ही पाहिलं. मामांच्या मांडीवरची कपड्यांची पिशवी शेवटपर्यंत उघडलीच नाही.

चहा झाला. निघायची वेळ आली तरी होकार-नकाराचं कुणी काही बोलेना. तसं लगेच कुणी सांगतही नाही, पत्र येतं. मला त्या पत्राची धडकी आधीच भरली होती. मुलीच्या वडिलांनी आमच्या छागळी आत नेल्या आणि नदीवरून आणलेल्या पाण्यानं भरून एकेकाच्या हातात दिल्या. कप्तान सवयीनं नको म्हणणार होते, त्यांनी ओठ मिटून घेतले. दहा छागळी आल्या. माझी आली नाही. मी बघत राहिलो. मामांचा चेहराही उतरला.

मग ती स्वतः दारात आली. माझी छागळ तिच्या हातात होती, रिकामी.

"ही गळते," ती मला म्हणाली. "शिवून ठेवते. पुढच्या रविवारी घ्यायला या."

छागळ गळतेच. नवी असली तरी गळते, गळते म्हणून तर पाणी गार राहतं. सगळ्यांच्याच गळत होत्या. हे तिला समजावून सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी माझ्या पायावर जोरात पाय दिला.

ती आत वळली, मग थांबून तिनं कप्तानांकडं बघितलं.

"सगळेच या," ती म्हणाली. "पाणी भरून ठेवते."

नांदेडपर्यंत मी टायपिस्टच्या छागळीतलं पाणी प्यालो, आणि त्यानंही ते कुरकुर न करता दिलं.