उंदराने खाल्लेली गाठ

परवा नात फोनवर ऑफिसचं बोलत होती... "कॉपीतली एक नोंद खराब झालीये. अंदाजाने भरू नका, मूळ मशीनकडून परत मागवा." मी भाजी निवडता निवडता हसले. हे तर आमच्या वाडीत सत्तरच्या दशकात चालायचं!

वेल्ह्याकडची आमची वाडी. झऱ्याचं पाणी पाटाने सगळ्यांच्या गव्हाला, पाळीपाळीने. आणि कुणाचा कुणावर काडीचा विश्वास नाही. म्हणून पाळी झाली की त्या घरची चिंधी दोरीला गाठ मारून बांधायची.

मूळ दोरी वरच्या आळीत, आबांकडे. गाठ मारली की कुणाची ते हाळी देऊन सांगायचे, की तशीच गाठ आई खालच्या आळीच्या दोरीला मारायची. दर अमावस्येला दोन्ही दोऱ्या देवळात जुळवायच्या, जुळल्या की इथवरचा हिशोब पक्का म्हणून लाल दोरा बांधायचा.

त्या वर्षी झरा आटत आला. एकाच पाळीपुरतं पाणी उरलं, आणि गहू ओंबीवर आलेला. एक पाळी कमी मिळालेलं घर एकच... आमचं नाहीतर आबांचं. आणि नेमकी आमच्या दोरीवरची एक गाठ उंदराने चिंधीसकट कुरतडलेली! ती ज्याची निघेल, त्याची पाळी झालेली, पाणी दुसऱ्याला.

"उंदराला बरी तुमचीच चिंदी गावली," एकजण आईला तोंडावर म्हणाला. पाळ्यांची आपसात अदलाबदल व्हायची, त्यामुळे छातीठोकपणे कुणालाच सांगता येईना. चुलते म्हणाले, आबांची चिंधी बांध नि मोकळी हो.

आई हटून बसली. "अंदाजानं गाठ मारायची न्हाई. आबांची दोरी मागवा."

मला आईचाच राग आला. ज्याला पाणी हवंय, त्याच्याकडेच पुरावा मागायचा? त्यातून निरोप गेला संध्याकाळी आणि आबा दोरी घेऊन उगवले सकाळी. एवढा वेळ काय करत होते?

देवळात दोऱ्या शेजारी मांडल्या. मागच्या लाल दोऱ्यापासून एकेक गाठ जुळवत निघालो. मी आबांच्या बोटांवरून नजर हलवली नाही.

कुरतडलेल्या जागेसमोर निळ्या चौकड्यांची चिंधी निघाली. आबांच्या घरची.

"माजीच हाय," आबा म्हणाले. "पानी तुमचं, वैनी." मग घरून आणलेली तसलीच चिंधी त्यांनी खिशातून काढली आणि आमच्या दोरीला स्वतः गाठ मारली. म्हणजे काय निघणार, हे त्यांनी रात्रीच पाहिलं होतं...

आमचा गहू भरला. आबांचा निम्मा वाळून गेला.

माझा संशयी स्वभाव काही गेला नाही. पण रात्रभर ती दोरी त्यांच्याच घरात होती, आणि एक गाठ सोडायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी ती सोडली नाही. आबा, तुमच्या खरेपणाने मिळालेलं पाणी पिऊन पिकलेला गहू आम्ही वर्षभर खाल्ला... अजून विसरले नाही.