लाल्याच्या उन्हात ठेवलेलं पीठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. — थांबा. पहिल्याच वाक्यात खोटं नको. एका डॉक्टरला सांगितलं होतं. आणि या सगळ्यात सर्वांत वाईट गोष्ट तीच आहे, पण तिथवर यायला मला थोडा वेळ लागेल.

आधी घर सांगते. गुजरातेत, बमरोलीला, मराठी मिलवाल्यांच्या वस्तीत, आमची खोली खालच्या मजल्यावर आहे. आबा मिलमध्ये फिटर. धुळ्याकडून आले तेव्हा बरोबर एक वळकटी आणि पत्रकांचा गठ्ठा होता, असं आई चिडून सांगते. आमच्या घरात पुस्तकं नंतर आली, पत्रकं आधी. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘बंधूंनो’ आणि ‘जाहीर निषेध’ यांवरून. आबा पाळी सुटताना मिलच्या गेटवर पत्रकं वाटायचे आणि मी त्यांच्या शर्टाचं टोक धरून उभी असायचे. मोठी झाले आणि पत्रकं मीच लिहू लागले. चांगली लिहायचे. हे नम्रतेनं नाकारलं तर पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते — फार चांगली लिहायचे.

आणि लाल्या. तांबूस रंगाचा, म्हणून लाल्या. आबांचे मित्र हसायचे, “कुत्रंपण युनियनचंच पाळलं का, भाऊ?” मी शाळेत होते तेव्हा तो पिल्लू म्हणून आला. मी सांगते आहे त्या दिवसांत त्याला दिसत नव्हतं, ऐकू जवळपास येत नव्हतं, मागचे पाय धरायचे. दिवसभर ओट्यावर जिथे ऊन येतं तिथे पडून असायचा आणि ऊन सरकलं की तोही सरकायचा. मधूनच दुपारी, काही कारण नसताना, मान वर करून भुंकायचा. खूप भुंकायचा. स्वतःलाच ऐकू येत नसेल म्हणून असेल — कोण जाणे.

त्याचे दात पडले तेव्हा मी पाव करायला लागले. आईकडे जुना गोल ओव्हन आहे, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. दिवाळीत सगळी चाळ आमच्याकडे नानखटाई भाजायला येते. एरवी लोक पीठ, तूप, साखर घेऊन भेस्तानच्या बेकरीत रांग लावतात, पण आमच्या चाळीला हा ओव्हन पुरतो. ज्याचं त्याचं पीठ, ज्याचं त्याचं तूप, पाळीपाळीनं. आणि मग प्रत्येक घरातून प्रत्येक घरी एक ताट जातं. पोरं ताटं उघडून चव घेऊन सांगतात, ही जाधवकाकूंची, ही वरच्यांची, ही जळलेली म्हणजे आमची.

पाव मात्र मी एकटीच करायचे. काय सांगू ते सुख! पीठ हाताला चिकटतं, मग चिकटायचं थांबतं — ते नेमकं कुठे थांबतं हे हाताला कळतं, डोक्याला नाही. ओलं फडकं टाकून ठेवावं आणि थोड्या वेळानं पाहावं तर फुगून दुप्पट! मी आयुष्यात इतक्या गोष्टी वाढाव्यात म्हणून ओरडले — पगार, सुट्ट्या, लोकांची हिंमत — आणि एवढं सहज, मुकाट्यानं वाढलेलं फक्त हे पीठ पाहिलं. पहिला गरम पाव मोडून, फुंकर मारून, दुधात भिजवून लाल्याला द्यायचा. तो हिरड्यांनी खायचा आणि बोटंही चाटायचा.

आता वरचे सुकलालकाका. आमच्या डोक्यावरच त्यांची खोली. मागावर रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि दिवसा झोपायचे. दुपारी लाल्या भुंकला की गॅलरीत येऊन अहिराणीत शिव्या घालायचे. कुत्र्याला, मला, आबांना आणि माझ्या पत्रकांनाही. “माणसाले झोप पाहिजे का नही? का तेबी मोर्चा काढीसन मागू?” सगळी चाळ हसायची. एक दिवस म्हणाले, ह्या कुत्र्याला मी कायमचा झोपवीन. हे सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. त्या धमकीत काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तर त्या दिवशी — थंडी होती, पीठ फुगत नव्हतं. सगळ्यात ऊबदार जागा कुठली? लाल्याची. मी पातेलं फडक्यानं झाकून त्याच्या उन्हात, त्याच्या पोटाशी ठेवलं. आई म्हणाली, “वर ठेव गं. खाली कुत्रं आहे.” मी म्हणाले, “आई, त्याला उठवत नाही, तो काय खाणार?”

मी आत वाचत बसले. बाहेर आले तेव्हा फडकं ओट्याखाली पडलं होतं, पातेलं चाटून लख्ख केलेलं होतं, आणि लाल्या उभा राहायचा प्रयत्न करत होता. पोट फुगून टणक झालेलं. दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. पीठ त्याच्या पोटात फुगत होतं — मी घरात ज्याचं इतकं कौतुक केलं ते त्याच्या पोटात चाललं होतं.

मी पहिलं काय केलं? त्याला उचललं? आईला हाक मारली? नाही. मी पातेलं धुतलं. मोरीत बसून, घासून, पालथं घातलं. मग हाक मारली.

आबा धावत आले, लाल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “विष. त्यानं घातलं शेवटी.” आणि वर बघितलं.

मी काही बोलले नाही. इथे तुम्ही म्हणाल, गप्प बसलीस, घाबरली असशील. हो, घाबरले होते. नुकतंच माझं एक पत्रक गाजलं होतं — मुक्या जनावरांना घरात आणून बेफिकीर वागणाऱ्यांवर. लोक मला थांबवून सांगायचे, पोरी, काय लिहिलंस! आणि आता पातेलं मीच लाल्याच्या पोटाशी ठेवलं होतं. पण गप्प बसणं एवढीच चूक असती तर मी आज हे लिहिलं नसतं.

रिक्षात लाल्या मांडीवर होता. दवाखान्यात आबा मिलमध्ये फोन करायला बाहेर थांबले. डॉक्टर गुजराती. लाल्याच्या पोटावर बोटं आपटत त्यांनी विचारलं, “शुं खाधुं एणे?” मी दाराकडे पाहिलं. आबांची पाठ होती. मी हळूच म्हणाले, “काचो लोट. यीस्टवाळो.” कच्चं पीठ, यीस्ट घातलेलं. डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांनी कुणाला दोष दिला नाही, कामाला लागले. पोट रिकामं केलं, सलाईन लावलं आणि लाल्या वाचला.

आबा आत आले. “काय म्हणाले डॉक्टर?”

मी म्हणाले, “विषबाधा.”

कळलं ना आता? मला खरं बोलता येत होतं. जीभ अडली नव्हती. कुत्रा वाचवायला लागतं तेवढं खरं मी बोलले आणि उरलेलं खोटं एका माणसाच्या नावावर टाकलं.

आणि मग मी पत्रक लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. आबा फक्त म्हणाले होते की ह्याच्यावर बोललं पाहिजे. मी एका बैठकीत लिहिलं. नाव घातलं नाही — केवढी ती हुशारी! “स्वतःला कामगार बंधू म्हणवणारा आणि मुक्या जिवाच्या ताटात विष कालवणारा, तो नेमका कुणाचा बंधू?” हे वाक्य सुचलं तेव्हा मी उठून खोलीत फेरी मारली. आनंदानं. हे कबूल करायला सगळ्यात जड जातंय: मला लिहिताना मजा आली. खोट्याला खऱ्यापेक्षा चांगली वाक्यं सुचत होती. झेरॉक्स काढल्या. जिन्यात, मीटरच्या पेटीवर, नळाजवळ चिकटवल्या. आबांनी गेटवर वाटल्या.

सुकलालकाकांनी एका शब्दानंही नाकारलं नाही. ते आबांच्या बैठकांना मागे भिंतीला टेकून बसायचे, ते बंद झालं. शिव्या बंद झाल्या. लाल्या दुपारभर भुंकला तरी वरून आवाज येईना. लोक म्हणाले, बघा, खाई त्याला खवखवे — नाही, असलं काही नीटनेटकं म्हणाले नाहीत ते. म्हणाले, “चोर गप्प बसला.” मीही तसंच धरून चालले. मला ते सोयीचं होतं.

दिवाळी आली. ओव्हन पेटला. काकांच्या बायकोची, प्रमिलाकाकूंची पाळी होती तेव्हा त्या आल्या नाहीत. बेकरीतून भाजून आणली त्यांनी. आणि तरीही, रीत म्हणून, ताट पाठवलं. घरोघरी. स्वतः घेऊन फिरल्या. कुणी म्हणालं, उपास आहे. कुणी म्हणालं, पोरांना खोकला आहे. एकीनं तर ताट घेतलं आणि तसंच, वरचा रुमालही न उचलता, परत दिलं. आमच्या दाराशी त्या आल्या तेव्हा चाळीतल्या चार बायका तिथेच बसल्या होत्या. आईनं ताट घेतलं आणि बाजूला ठेवलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी एक उचलून तोंडात टाकली असती तर? पत्रक मागे घ्यायचं नव्हतं, काही कबूल करायचं नव्हतं. फक्त खायचं होतं. सगळ्या जगात मी एकटीच अशी होते जिला ठाऊक होतं की त्या ताटात पीठ, तूप, साखर, वेलची यांशिवाय काही नाही. मी ताटाकडे बघत उभी राहिले. काकू वाट पाहून, ताट तसंच उचलून गेल्या.

त्यानंतर दिवाळ्या गेल्या. काकूंनी ताट पुन्हा फिरवलं नाही.

मग आता का? मनानं एकदम उचल खाल्ली, असं काही झालं नाही. मैत्रिणींनी माझ्या पत्रकांची एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. जुळणी करणारी म्हणाली, “विषाचं पहिलं घेऊ. तुझं सगळ्यात धारदार तेच आहे.” मी हो म्हणाले. घरी आले आणि मला जेवण जाईना.

रविवारी सकाळी मी वर गेले. काका आता निवृत्त झालेत, दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. पीठ, पातेलं, डॉक्टर, पत्रक. न थांबता. मला वाटलं, मारतील. मारावं असंही वाटलं.

“फक्त पीठ?” ते म्हणाले.

“फक्त पीठ, काका.”

“सुकट नही?”

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळी पाळीवरून येताना त्यांनीच लाल्यापुढे सुकटाचा, सुक्या मासळीचा, एक शिळा तुकडा टाकला होता. तोंड बंद राहावं, थोडी झोप लागावी म्हणून. त्यांना वाटलं होतं, त्यानंच झालं. आपल्याच हातून झालं. म्हणून नाकारलं नाही. म्हणून बैठकीला यायचं तोंड राहिलं नाही. एवढी वर्षं ते माझं पत्रक खरं मानून जगत होते.

ते उठले आणि आत वळून ओरडले, “आयकं का? पीठ व्हतं, पीठ! मना सुकट नही!” आणि हसले. डोळे पुसत हसले. असं हलकं झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. मलाही रडू फुटलं आणि — सांगू का — बरं वाटलं. फार बरं वाटलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं. त्या सुटकेवर माझा हक्क नव्हता, तरी ती आली.

काकू बाहेर आल्या. त्या हसल्या नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, “माझं ताट परत गेलं तेव्हा तू दारातच होतीस.”

“हो, काकू.”

“मग मला काय सांगतेस? माझ्या ताटात काय होतं ते मला ठाऊक होतं. ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना सांग.” आणि आत गेल्या.

खाली येऊन आबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “तू ते पत्रक माझ्या हातानं वाटवलंस.” अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पुस्तिका थांबवली आहे.

म्हणून हे लिहिलं. आधी चाळीत, नळावर पाणी भरायच्या वेळेला, सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. आबा मागे उभे होते. आता तुमच्यापर्यंत आलं आहे, कारण ते पत्रकही चाळीबाहेर गेलं होतं आणि कुठवर गेलं मला माहीत नाही.

यात धारदार वाक्य नाही. जे आहे ते एवढंच: सुकलालकाकांनी लाल्याला विष घातलं नाही. प्रमिलाकाकूंच्या ताटात कधीही काही वाईट नव्हतं. पीठ मी ठेवलं, पातेलं मी धुतलं, पत्रक मी लिहिलं. आणि मला माहीत होतं.